चूफाचे कान

"कुत्री तुमची, की तुम्ही कुत्रीच्या?"

मी धापा टाकत थांबले. बाजारामागच्या गल्लीत कुणा कार्ट्याने फटाका आपटला आणि माझ्या हातातला पट्टा हिसकावून चूफा पळाली होती. आता ती एका अनोळखी तरुणाच्या गुडघ्यांत शिरली होती. तो दाराच्या आडोशाला उकिडवा बसला होता आणि तिचे दोन्ही कान त्याने तळव्यांनी झाकले होते.

"मी तिची," मी म्हटलं. "पण माझ्या परवानगीशिवाय ते कान कुणी धरत नाही."

"मग द्या ना परवानगी. सोडले तर पुन्हा पळेल."

हसला मेला! आणि मी... मीही हसले.

त्याचं नाव ब्लाय. हातांना लिंबाच्या साबणाचा वास आणि एक भुवई अर्धी जळलेली. विचारलं तर म्हणाला, "स्वयंपाक करताना." असला कसला स्वयंपाक, कोण जाणे!

त्या दिवसापासून रोज सकाळी आम्ही तिघं हिंडायला लागलो. वालेन्सिया माझं जन्मगाव, पण मार्चमध्ये ते चूफाचं वैरी होतं. संत योसेफाचा सण येईपर्यंत गल्लीबोळांत फटाके, आणि भर दुपारी चौकात मास्क्लेता, म्हणजे शेकडो बारांचा सलग गडगडाट. ती उन्हातच वाजवतात, कारण ती बघायची नसते, छातीने ऐकायची असते. तेवढा वेळ मी चूफाला लांब समुद्राकडे न्यायची. ब्लाय मात्र कोपऱ्यावर थांबून जिभेने टक्क करायचा, कान द्यायचा आणि म्हणायचा, "चला, इथे आवाज शिरत नाही." संत्र्याच्या झाडांचं एक जुनं अंगण, नदीच्या कोरड्या पात्रातल्या बागेतला पूल... चूफाची शेपटी हळूहळू वर यायला लागली.

"तुला हे सगळं कसं कळतं?"

"माझं काम आवाजाचं आहे."

"गातोस?"

"मी गायलो तर शेजारी पोलिसांना बोलावतील."

चूफा म्हणजे लांब पायांची, हाडकुळी शिकारी कुत्री. हंगाम संपल्यावर कुणीतरी तिला रस्त्यावर सोडलं होतं. हृदय कमकुवत. "मोठा धक्का बसला तर जाईल," डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून दरवर्षी सणाआधीच मी तिला घेऊन डोंगरातल्या मावशीकडे जाते. यंदा मात्र आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. कारण?... कारण ती जळकी भुवई.

सणाच्या आदल्या दिवशी तो एकाएकी म्हणाला, "रेमेई, उद्या सकाळच्या गाडीने जा. नक्की जा."

"आणि तू?"

"मला काम आहे."

"सणाच्या दिवशी? बरं... निदान निरोप द्यायला तरी ये."

"जमलं तर," तो म्हणाला, पण माझ्याकडे न बघता.

दुसऱ्या दिवशी भोपळ्याच्या भज्यांच्या गाडीपाशी मी वेड्यासारखी त्याची वाट पाहत उभी राहिले. तो आला नाही. सकाळची गाडी चुकली. पुढची, दुपारची गाठायची तर चौकातूनच स्टेशनकडे जायला हवं होतं, फेरा घालायला वेळ उरला नव्हता. आणि चौकात शिरताच गर्दीने मला गिळलं. मागे जाता येईना, पुढे सरकता येईना. चूफाला मी छातीशी उचलून घेतलं. ती पानासारखी थरथरत होती.

ढकलली जात जात मी कुंपणाच्या जाळीला जाऊन आदळले. आत दोऱ्यांवर फटाक्यांच्या पुड्या लटकत होत्या. आणि हातात पेटती वात घेऊन उभा होता... अर्ध्या भुवईचा ब्लाय!

"ब्लाय!"

तो वळला आणि पांढराफटक पडला. "तू इथे? गाडी..."

"तुझी वाट बघत चुकली! हे तुझं काम? हिचा जीव घ्यायचं?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर फिरायला आली असतीस?"

"मुळीच नाही!"

"तेच तर."

तेवढ्यात चौकावरच्या सज्ज्यातून यंदा निवडलेल्या सणाच्या राणीचा आवाज आला, "फटाकेवाले महाशय, करा सुरुवात!" चौक गर्जला. मग हजारो माणसं एकदम गप्प झाली.

"ब्लाय, बत्ती दे!" त्याचे वडील ओरडले. "पहिल्यांदाच तुझ्या नावाने वाजतेय. सगळं गाव थांबलंय!"

ब्लायने वातीकडे पाहिलं. मग चूफाकडे. मग माझ्याकडे...

"बाबा, तुम्ही पेटवा. मी त्या दारातून आत गेलो की मग."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"फिरलंय, बाबा."

त्याने फाटक उघडून मला आत ओढलं, चूफाला उचललं आणि पळत सुटला. पलीकडच्या इमारतीच्या तळघराचा जड दरवाजा आमच्यामागे बंद झाला, आणि पाठोपाठ पहिला बार.

तो जमिनीवर बसला, चूफाला गुडघ्यांत घेतलं, कान झाकले. त्याच्या हातांवर मी माझे हात ठेवले. आज त्यांना लिंबाचा वास नव्हता, नुसत्या फटाक्यांच्या दारूचा होता.

"ही सुरुवात आहे," तो चूफाला सांगत होता. "आता जोर वाढेल हं. घाबरू नकोस, सगळे माझ्या ओळखीचे आहेत."

भिंती हादरायला लागल्या. मी एक हात चूफाच्या छातीवर नेला. धडधड... धडधड... मग एक ठोका चुकला. माझाही.

"आता शेवटचा, सगळ्यात मोठा. धर तिला!"

जमीन थरथरली. मग शांतता. मग वरून टाळ्यांचा पाऊस.

चूफाचे डोळे मिटलेले होते.

"चूफा?... चूफा!"

ती हलली नाही. आणि मग तिने एक लांब सुस्कारा सोडला, त्याचा दारूच्या वासाचा तळवा सावकाश चाटला आणि त्याच्या मांडीवर डोकं ठेवलं. मी रडले, हसले, काय काय केलं देव जाणे.

"टाळ्या तुझ्यासाठी आहेत," मी डोळे पुसत म्हटलं. "वर जा ना."

"कसा जाऊ? ही झोपली."

"तुझी पहिली मास्क्लेता... आणि तू ऐकलीच नाहीस."

"ऐकली की. हिच्या बरगड्यांतून."

मग मात्र माझ्याने राहवेना. "ब्लाय, मला तू आवडतोस. जळक्या भुवईसकट."

"काय? मोठ्याने बोल, माझ्या कानांना दडे बसलेत."

"अंहं..." मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. "ही जागी होईल."