सीडरच्या कपाटातला ओलावा

एवारिस्तोच्या घरातली सगळ्यात चांगली जागा माणसांच्या वाट्याला आलेली नव्हती. आतल्या खोलीत, जिथे ऊन पोचत नाही आणि चुलीची धगही लागत नाही, तिथे सीडरच्या सुवासिक लाकडाचं एक कपाट उभं होतं. त्यात सिगारी झोपलेल्या असत.

झोपलेल्या हा शब्द त्याचाच. सान लुइसच्या कारखान्यात त्याने उभी हयात सिगारींच्या कोठीत काढली होती. वळून झालेल्या सिगारी तिथे महिनोन्‌महिने पडून राहत. त्यांना फार कोरडं पडू द्यायचं नाही आणि फार ओलंही होऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. कोरडी पडली की वरचं पान तडकतं, ओली राहिली की बुरशी धरते. भिंतीवर हवेचा ओलावा दाखवणारा काटा होता, पण एवारिस्तो आधी सिगार अंगठ्याने हळूच दाबी, कानाशी नेई, आणि मग काट्याकडे बघे.

घरचं कपाट त्याने नात झाली तेव्हा करून घेतलं. लेक ओदालिस लग्न करून स्पेनला गेली होती, समुद्राकाठच्या विगो गावात. नात तिकडेच जन्मली. आइनोआ तिचं नाव. ज्या दिवशी ओदालिस पोरीला घेऊन येईल त्या दिवशी आळीतल्या सगळ्यांनी अंगणात बसून या सिगारी ओढायच्या, असं ठरलेलं होतं. ओदालिस दर वर्षी म्हणे, पुढच्या वर्षी नक्की. एवारिस्तो दर वर्षी सिगारी पुढच्या वर्षापर्यंत जपे. आणि त्याची बायको सोराइदा म्हणे, "पोरीला एकदा मांडीवर घेते, मग मेले तरी चालेल."

शेजारचा निकासियो डॉमिनो खेळायला येई. कपाटाशी वाकलेल्या एवारिस्तोला पाहून तो म्हणे, "बायकोला कधी इतकं जपलं होतंस का रे?"

"मला जपायला मी काय पानात गुंडाळलेय?" सोराइदा चुलीपाशी भात ढवळता ढवळता उत्तर देई. "चाळीस वर्षं याला कॉफी करून घालतेय. एकदा तरी दाबून बघितलं का, ही कोरडी पडलीय का म्हणून?"

तिघेही हसत.

कपाटाच्या तळाशी चिनी मातीचं एक वाडगं असे. त्यातलं पाणी हळूहळू उडून आत ओल राहायची. पाणी मात्र पावसाचंच हवं. नळाच्या पाण्यात चुना, विहिरीच्या पाण्याला मातीचा वास, आणि दोन्ही पानाला बाधतात. अंगणातल्या रांजणात तो पावसाचं पाणी साठवून ठेवी.

त्या वर्षी पावसाने लवकर पाय काढला. उत्तरेचा वारा सुटला तो थांबेचना. तंबाखूच्या शेतांवर धूळ उडाली आणि रांजणाचा तळ दिसला. घरात पावसाचं पाणी उरलं ते फक्त सोराइदाच्या बाटल्यांत. ते तिच्या आईसाठी होतं. आई मरून जमाना झाला होता, पण फळीवर तिच्या नावाचा पाण्याचा पेला असायचाच, जसा आळीतल्या बहुतेक घरांत कुणा ना कुणा मेलेल्याच्या नावाचा असतो. दर सोमवारी पेला नव्याने भरायचा आणि जुनं पाणी उंबरठ्याबाहेर, रस्त्यावर फेकायचं. आठवडाभरात घरातलं जे काही त्या पाण्याने ओढून घेतलेलं असतं, ते घरात राहता कामा नये.

एवारिस्तोने एक बाटली मागून पाहिली.

"मेलेल्यांच्या तोंडचं काढून पानांना पाजू?" सोराइदा म्हणाली. "तुझं डोकं ठिकाणावर आहे ना, म्हाताऱ्या?"

सोराइदाचा गुडघा सुजलेला होता, त्यामुळे सोमवारचं पाणी फेकायचं काम त्याच्याकडे आलं होतं. त्या सोमवारी तो पेला घेऊन दारापर्यंत गेला. वाऱ्याने रस्त्यावरची धूळ उंबरठ्यापर्यंत आणली होती. हातात स्वच्छ, नितळ पावसाचं पाणी होतं आणि ते धुळीत फेकायचं होतं. तो असल्या गोष्टी मानत नसे. बायकोच्या समाधानासाठी मान डोलवी इतकंच. तो मागे वळला आणि त्याने पाणी कपाटातल्या वाडग्यात ओतलं. मग दर सोमवारी तसंच केलं.

सिगारी सुधारल्या. पानांवर तेलाची तुकतुकी आली, अंगठ्याखाली त्या दबत आणि पुन्हा वर येत. एवारिस्तो खूश झाला. वाडग्यातलं पाणी मात्र उतरत नव्हतं. त्या वाऱ्यात दोरीवरचे कपडे कॉफी पिऊन होईपर्यंत वाळत, मग उघडं पाणी कसं उतरत नाही? त्याने वाडग्याच्या आत पेन्सिलीने रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेच्या वर होतं.

आपलीच रेघ चुकली, असं त्याने स्वतःला सांगितलं.

निकासियोला त्याने मोठ्या अभिमानाने कपाट उघडून दाखवलं. निकासियोने एक सिगार नाकाशी धरली आणि तो जरा थांबला.

"तंबाखूचा वास कुठाय?"

"नाक तपासून घे तुझं."

"नाही रे. न्हालेल्या केसांसारखा येतोय. बाईच्या." त्याने सिगार परत ठेवली आणि बोटं विजारीला पुसली. त्या दिवशी तो डॉमिनो न खेळताच गेला.

सोराइदाच्या टाचांना भेगा पडल्या, पण त्या थंडीत सगळ्यांनाच पडल्या होत्या. मग तिचे ओठ फुटले. एके दुपारी ती कांदा चिरत होती. एवारिस्तोचे डोळे दाराशी बसूनही झोंबत होते. तिचे डोळे लाल झाले होते, पण कोरडे होते. चुलीपुढे तासभर उभी राहिली तरी तिच्या कपाळावर घामाचा थेंब येत नसे. ती पाणी पिई, पुन्हा पिई, आणि पेला खाली ठेवता ठेवता म्हणे, "जातंय कुठं कोण जाणे."

दवाखान्यातल्या डॉक्टरणीने रक्त तपासलं, साखर तपासली. सगळं ठीक होतं. "पाणी भरपूर पीत जा, आजी," ती म्हणाली.

"विहीर संपवली मी, बाळ," सोराइदा म्हणाली.

घरी आल्यावर तिने चष्मा पुसायला काचेवर हाः केलं. काच धूसर झाली नाही. तिने पुन्हा केलं. मग चष्मा तसाच डोळ्यांवर चढवला आणि एवारिस्तोकडे पाहिलं. त्याने नजर चुकवली.

त्याच दुपारी त्याने वाडगं उचललं आणि सगळं पाणी रस्त्यावर, पार पलीकडच्या कडेला फेकलं. वाडगं पुसून पालथं घातलं. सकाळी कपाट उघडलं तर आतल्या फळ्यांना घाम फुटलेला होता. सीडरच्या लाकडावर बारीक थेंब उभे होते. बुरशी कुठेच नव्हती. सिगारी इतक्या सुंदर त्याने कारखान्यातही पाहिल्या नव्हत्या.

तो सोराइदाच्या खाटेपाशी जाऊन बसला.

"तुझ्या आईच्या पेल्यातलं पाणी मी रस्त्यावर टाकत नव्हतो."

"मग?"

"कपाटात. वाडग्यात ओतत होतो."

तिने फळीवरच्या पेल्याकडे पाहिलं.

"तरीच," ती म्हणाली. "हल्ली पेला भरताना वाटायचं, मी हा कुणापुढं ठेवतेय? तिथं कुणी नाहीच असं वाटायचं."

"मी ओतून दिलं सगळं. काल."

"वाडगं ओतलंस. पानांनी जे पिऊन टाकलंय ते कसं काढशील, म्हाताऱ्या?" तिचा आवाज वाळल्या पानासारखा कुरकुरला. "आईला मरताना पाणी द्यायचं नाही म्हणून डॉक्टरनं सांगितलं होतं. मी दिलं नव्हतं."

याहून अधिक ती त्या विषयावर कधी बोलली नाही.

एवारिस्तोने ठरवलं, जाळून टाकायचं सगळं. अंगणात पालापाचोळा पेटवला. नात जन्मल्यापासून जपलेल्या सिगारी, पण त्याचा हात कचरला नाही. आधी एकच घेतली आणि जाळात धरली. ती पेटली नाही. तिच्यातून चुर्रर्र आवाज आला आणि पांढरी वाफ निघाली.

घरात सोराइदा किंचाळली.

तो धावत गेला. तिच्या दंडावर फोड आला होता. गोल, लाल, सिगारीच्या टोकाएवढा.

"काय भाजलं?" ती विचारत होती. "मला काय भाजलं, एवारिस्तो?"

त्याने जाळ विझवला. ती सिगार पुसून पुन्हा तिच्या जागेवर ठेवली.

मग त्याने कपाटाला हात लावला नाही. कपाट बाहेर नेलं तर? फोडलं तर? सिगारी नदीत सोडल्या तर? प्रत्येक वेळी त्याला तो फोड आठवे. त्याने जन्मभर हातात धरलेली गोष्ट आता त्याला धरवत नव्हती आणि टाकवतही नव्हती.

सोराइदा आक्रसत गेली. तिची कातडी कोपरांवर, हनुवटीवर तडकू लागली, पण तडकलेल्या जागी रक्त येत नसे. निकासियोची बायको तेल लावी, ते क्षणात जिरून जाई. शेवटी शेवटी ती फक्त ओदालिसबद्दल विचारी. ओदालिसने रजा काढली होती, तिकीट काढत होती. कधी कागद अडत, कधी विमान.

ती पोचायच्या आत सोराइदा गेली. शवपेटी उचलताना निकासियोने एवारिस्तोकडे चमकून पाहिलं. पेटीत काही नसावं इतकी ती हलकी होती.

दफनभूमीतून परतल्यावर एवारिस्तो सरळ आतल्या खोलीत गेला. कपाटाच्या फळ्या कोरड्या ठणठणीत होत्या. एक सिगार त्याने कानाशी नेली. ती कुरकुरली. दाबल्यावर वरचं पान तडकलं आणि त्याचा चुरा बोटांवर आला. आत फक्त जुना, साधा तंबाखूचा वास होता. तो तिथेच जमिनीवर बसून रडला. जे घ्यायचं होतं ते घेऊन झालं होतं. निदान संपलं होतं.

त्याने कपाट बंद केलं आणि त्या खोलीत जाणं सोडलं.

उन्हाळा तोंडावर आला. पाऊस अजून नव्हता. एका सकाळी आतल्या खोलीच्या दारातून त्याला वास आला. न्हालेल्या केसांचा, पण सोराइदाच्या केसांचा नव्हे. हलका, दुधासारखा गोडसर.

त्याने कपाट उघडलं. फळ्यांवर थेंब होते. तडकलेली सिगार पुन्हा भरून आली होती, तुकतुकीत, चीर कुठे होती ते सापडेना.

त्याने आपल्या ओठांवरून जीभ फिरवली. ओठ ओले होते. कपाळ घामाने निथळत होतं, शर्ट पाठीला चिकटला होता. तोंडात लाळ होती. डोळे पाण्याने भरलेले. तो स्वतःला पुन्हा पुन्हा चाचपून पाहत राहिला, आणि आपल्याला काहीच झालेलं नाही याची त्याला भीती वाटू लागली.

टेबलावरचा फोन वाजला. ओदालिस होती. आईच्या वेळी पोचता आलं नाही म्हणून ती पुन्हा थोडी रडली, मग नाक ओढून म्हणाली, "बाबा, तुमच्याकडे पाऊस झाला का?"

"नाही अजून."

"इथं तर उघडतच नाही. महिना झाला, भिंतींना ओल आलीय. आणि या आइनोआचं काय चाललंय तेच कळत नाही. सारखी पाणी मागते. डॉक्टर म्हणतात, सगळं ठीक आहे."

एवारिस्तोने आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"बाबा? ऐकताय ना? आत्ता पडली ती, गुडघा फुटला तिचा. एवढी रडतेय, ऐका तुम्हीच," ओदालिसने फोन पोरीकडे नेला असावा, "आणि डोळ्यांत टिपूस नाही."