दूर्वांची टेकडी

सूर्यटेक कॉलनीत दूध तापत ठेवतानाच लोक दाराजवळच्या तबकडीकडे बघत. काटा हिरव्यात, म्हणजे टेकडी जागच्या जागी. उतारावर जाळगवत लावलं होतं. प्रयोगशाळेत घडवलेलं, मुळांची जाळी विणून माती धरून ठेवणारं. त्या जाळीची पकड किती घट्ट आहे, ते घरोघरच्या तबकडीवर कळायचं.

गणेश चतुर्थीच्या सकाळी काटा पिवळ्यात गेला.

"अचानक काय झालं हिला?" दहावीतल्या शलाकाने काचेवर टिचक्या मारल्या. काटा ढिम्म.

"आधी दूर्वा निवड गं! मंडळाचा हार व्हायचाय," आई उकड मळत ओरडली.

शलाकाने टोपलं ओढलं. काय लुसलुशीत पाती! जाळगवत दूर्वांच्याच जातीचं, त्यामुळे दोन दिवस अख्खी कॉलनी उतारावर वाकून खुडत होती.

तिचा हात थबकला. विज्ञानाच्या बाईंनी दोन कुंड्यांतलं गवत उपटून दाखवलं होतं. शेंडे खुडलेल्या गवताची मुळं आखडली होती. नवी पाती फुटायला ते मुळांतलाच साठा वापरतं. आणि जाळगवताचं तर सगळंच झटपट!

टोपलं टाकून ती धावत सुटली. मंडळाचा मांडव नेमका उताराच्या पायथ्याशी. अध्यक्ष ढमढेरेकाका स्टुलावर चढून माळा लावत होते.

"काका, गणपती शाळेच्या मैदानात बसवा! टेकडीची पकड सुटतेय, आपण दूर्वा खुडल्या म्हणून!"

"बाप्पाच्या दूर्वांनी टेकडी पडते होय? विज्ञानात किती मार्क तुला?"

"पंच्याण्णव! पण ते राहू दे, त्या समोरच्या दारातली तबकडी बघा."

काटा आता नारिंगीत होता. काका खाली उतरले. तेवढ्यात गुरुजी आलेच, पाट मांडू लागले.

"गुरुजी, थांबा!" शलाका आडवीच झाली. एकदा प्राणप्रतिष्ठा झाली, की विसर्जनापर्यंत मूर्ती हलत नाही. दहा दिवस सगळी कॉलनी या उताराखाली टाळ्या वाजवणार! "आत्ता हलवली तर चालेल ना?"

"आत्ता चालेल," गुरुजी म्हणाले. "नंतर मला विचारू नकोस."

काकांनी टेकडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "ही पोरगी काही ऐकायची नाही. उचला रे!"

संध्याकाळी मैदानात दणदणीत आरती झाली. शलाका टाळ्या वाजवत होती आणि सारखी मागे वळून बघत होती. टेकडी हलली नाही.

"काय गं, पडली का?" प्रसाद घेताना जो तो विचारत होता. हसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काटा नारिंगीतून जेमतेम पिवळ्याकडे सरकला होता. शलाकाने आनंदाने खिडकी उघडली. उतारावर कारखानीसकाकू पिशवी घेऊन वाकल्या होत्या, मागे आणखी चारजणी.

"काकू, नको!"

"अगं, काल काही झालं का?" काकूंनी हसून मूठभर पाती खुडली.

शलाकाच्या पायांत चपलाही नव्हत्या, तरी ती उताराकडे धावली. धावता धावता एकच विचार डोक्यात गरगरत होता: न पडलेली टेकडी यांना दाखवायची कशी?