कूलरखालचा कागद

समोरचं मोठं दुकान जेवणाच्या सुट्टीत बंद होतं, म्हणून मी त्याच्या दुकानात शिरले. नाहीतर शिरले नसते, आणि आज सुखात असते. इतकुसं दुकान, छतापर्यंत रचलेले खोके, आणि काउंटरमागे एक उघडा कॉम्प्युटर पोटाशी धरून बसलेला तो. सगळा बाजार त्याला डॉक्टर म्हणायचा.

गेमिंगसाठी काय काय घ्यायचं, त्याची यादी मी महिनाभर व्हिडिओ बघून केली होती. त्याने ती वाचली आणि पेन उचललं.

"एवढं मोठं ग्राफिक्स कार्ड? कशाला?"

"गेम खेळायला. शोकेसमध्ये ठेवायला नाही."

"तुमचा प्रोसेसर म्हातारा आहे हो. एक धावणार, दुसरा धापा टाकणार. जोडी नाही जमायची."

"मग जमेल अशी सांगा ना... जोडी."

मी पार्ट्सबद्दलच बोलत होते. पण त्याचे कान लाल झाले, आणि ते बघून माझेही.

बजेट बेताचं होतं. त्याने माझी यादी उलटी करून टाकली. आधी एसएसडी, मग रॅम, मग पॉवर सप्लाय. प्रोसेसर आणि कार्ड सगळ्यात शेवटी. "महिन्याला एक घ्या," तो म्हणाला, "अंथरूण पाहून पाय पसरायचे." मला तर वाटलं, अंथरूण आणखी तोकडं असतं तरी चाललं असतं.

रॅम घ्यायला गेले तेव्हा त्याने विचारलं, "काय करता तुम्ही?"

"दात."

"काय?"

"दात बनवते. डेंटल लॅबमध्ये. खोटे."

"तरीच! हात अजिबात हलत नाही तुमचा." आणि त्याने स्वतःचा स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. तो कोणालाच देत नाही, हे मला नंतर कळलं. मूठ त्याच्या हाताने कोमट झालेली होती...

मग तो शिकवत गेला. कुठला स्क्रू किती आवळायचा, कुठली वायर कुठून न्यायची. शेजारी उभं राहिलं की नव्या खोक्यांचा वास यायचा, आणि त्याचा खांदा माझ्या खांद्यापासून एक बोट लांब असायचा. कधीच त्याहून जवळ नाही.

"प्रोसेसरवर त्याला थंड ठेवणारा हा कूलर बसतो. त्याच्या तळाला प्लास्टिकचा पातळ कागद असतो. तो आधी काढायचा. नवशिके विसरतात, मग प्रोसेसर तापतो."

"जळतो?"

"छे, शहाणा असतो तो. जास्त तापला की आपणहून बंद पडतो. माणसांनाच ते जमत नाही."

"तुम्ही विसरलात कधी?"

"बारा वर्षांत? एकदाही नाही." केवढा तोरा!

पाचव्या महिन्यात पैसे तयार होते, तरी मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात घेऊ?" तोही लगेच म्हणाला, "हो हो, भाव उतरतील." भाव चढले. आम्हा दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही.

पण यादी शेवटी संपतेच. त्या बुधवारी त्याच्या दुकानात माझ्या मशीनमध्ये कार्ड बसलं. प्रोसेसर बदलला. कूलर मी उचलणार, तेवढ्यात तो म्हणाला, "हा मला बसवू द्या." माझ्याकडे पाठ करून कितीतरी वेळ काम करत राहिला. मग तसाच, पाठमोरा, म्हणाला, "घरच्यांनी मुलगी बघितलीय. रविवारपर्यंत उत्तर द्यायचंय."

बोल, मी स्वतःला म्हटलं. अगं, बोल!

"चांगलंय की," मी बोलले. "फक्त जोडी जमतेय ना, तेवढं बघा."

स्क्रूड्रायव्हर थांबला. पुन्हा फिरू लागला.

"काही बिघडलं तर घेऊन या," तो म्हणाला. "रविवारच्या आत... या."

घरी गेम सुरू केला आणि दहा मिनिटांत पडदा काळा. पुन्हा सुरू, पुन्हा काळा. आई दारातून म्हणाली, "ने की त्या डॉक्टरकडे. एरवी नटून जायला बरं जमतं!"

नाही नेलं. ज्याचं लग्न ठरतंय त्याच्या दारात निमित्त काढून उभं राहायचं? माझाही काही मान आहे. दोन दिवस धुसफुसत काढले आणि शनिवारी सकाळी मीच कॅबिनेट उघडलं. कूलर काढला. खाली तो कागद तसाच!

मी हसले आणि मग रडले. बारा वर्षांत एकदाही न विसरलेला माणूस विसरला. म्हणजे किती हरवून गेला असेल त्या मुलीच्या विचारात... मी कागद सोलला, उष्णता ओढून घेणारी पेस्ट लावली, कूलर बसवला. रविवारी दिवसभर गेम खेळले. एकदाही अडकला नाही. इतकं वाईट मी आयुष्यात खेळले नव्हते.

सोमवारी कागद पर्समध्ये घालून गेले. थोडं चिडवावं, अभिनंदन करावं, आणि हा विषय कायमचा मिटवावा, एवढंच मनात होतं.

तो काउंटरमागे होता. मला बघताच उभा राहिला. माझे हात रिकामे आहेत हे त्याने बघितलं.

"मशीन?"

"घरी. छान चालतंय." मी कागद काउंटरवर ठेवला. "नवशिके!"

तो हसला नाही. कागदाकडे बघत राहिला.

"तुम्ही उघडलंत? स्वतः?"

"तुम्हीच तर शिकवलंत."

"हो," तो म्हणाला. "मीच शिकवलं." मग हळूच, "मी विसरलो नव्हतो."

मला कळायला एक क्षण लागला. तो क्षण मला अजून पुरतो आहे.

"गुरुवारपासून दाराकडे बघत होतो. वाटलं, आज याल बंद पडलेलं मशीन घेऊन, मग तुम्हालाच विचारीन. नाही आलात. म्हटलं, कुठेतरी दुसरीकडे दाखवलं असेल... म्हणजे उत्तर मिळालंच."

"आणि रविवारी?"

"होकार कळवला." त्याने डोळे मिटले. "ती फोनवर रडली हो, आनंदाने. आता कसा फिरवू शब्द?"

मी मान हलवली. तो फिरवणार नव्हता, आणि फिरवला असता तर मला तो एवढा आवडला नसता. बाहेर पडायला वळले, तर मागून त्याचा डॉक्टरी आवाज आला, कसाबसा सावरलेला.

"आता तापत नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. "आता अगदी थंड आहे."