वासरू जिवंत आहे

बायकोचा चष्मा दुकानातून घ्यायचा आणि घरी जाऊन गरम गरम जेवायचं, एवढाच जनावरांच्या डॉक्टरांचा बेत होता. चष्मा खिशात पडतो न पडतो तोच फोन वाजला. गाय अडली होती.

गोठा वस्तीपासून दूर, एका बाजूला होता. भर दुपारीही तिथलं धुकं विरलेलं नव्हतं. मालक दारातच हात चोळत उभा होता.

"कळा कधीपासून?"

"काल सकाळपासून."

"आणि मला आज बोलावताय?"

"म्हटलं, होईल मोकळी. मीच हात घालून पाहिलं, पण पाय सापडेना."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. दर वेळी हेच. आधी घरचे उपद्व्याप, मग डॉक्टर. तहान लागली की विहीर खोदायची.

गव्हाणीशी पोत्यावर मालकाची आई बसली होती. गाय तिनेच लहानाची मोठी केलेली. "दोघंही वाचू देत," एवढंच ती म्हणाली.

गर्भाशयाला पीळ पडला होता. पिळलेल्या कपड्यातून शिरावं तसं डॉक्टरांच्या डाव्या हाताचं एक बोट जेमतेम आत सरकलं. टोकाला काहीतरी मऊ लागलं. तोंड होतं. त्या तोंडाने बोट धरलं आणि चोखायला सुरुवात केली, चांगली जोर लावून. डॉक्टरांना बोट ओढून काढावं लागलं.

"वासरू जिवंत आहे," ते म्हणाले. म्हातारीने डोळे मिटले. "पोट उघडावं लागेल. दिवा लावा."

दिवा लागला आणि लगेच वीजच गेली. डॉक्टर मनातल्या मनात वीज कंपनीच्या सात पिढ्यांपर्यंत जाऊन आले. मालकाने टॉर्च आणला.

"टॉर्च गाईवर धरा हो. माझ्या तोंडावर कशाला?"

डावी कूस बधिर केली. गाय उभीच होती, एकदाही हलली नाही. गर्भाशयाला चीर दिली आणि जो वास आला, त्याने मालक मागे सरला. वासरू बाहेर आलं तेव्हा त्याचे केस डॉक्टरांच्या हाताला चिकटून निघत होते. डोळे खोल गेले होते. त्याला मरून बरेच दिवस झाले होते.

"तुम्ही तर जिवंत म्हणालात..."

"दुसरं असेल. जुळं." डॉक्टरांनी खांद्यापर्यंत हात घालून कोपरा न् कोपरा चाचपला. काही नव्हतं. इतक्या वर्षांत आपण असे फसलो नव्हतो, याचाच त्यांना संताप आला. निदान गाय तरी वाचली होती. त्यांनी भराभर टाके घातले. मालक वासरू उचलून बाहेर घेऊन गेला.

हात धुताना मागे चाटल्याचा आवाज आला. गाईने मान वळवली होती. खाली, वासराच्या उंचीवर, ती मोकळी हवा चाटत होती. घशातून हळू हुंकारत होती. तटतटलेली कास एका बाजूने सैल पडत चालली होती... खाली मात्र एकही थेंब नव्हता.

"पितंय," म्हातारी हळूच म्हणाली. "पिऊ दे."

डॉक्टरांनी पेटी उचलली आणि ते मागे न बघता निघाले.

आठवड्याने जेवताना मालकाचा फोन आला. त्याचा आवाज दबका होता, पण वैतागलेला.

"गाय झकास आहे, डॉक्टर. पण रोज पहाटे चारही सड कोरडे. मी दाराला कुलूप घालतो, तरीही. आई म्हणते, तुमचंच खरं होतं. ते जिवंत आहे."

"मग मी काय करू?"

"तुम्हीच सांगा ना... कालपासून गाईचं दूध आटलंय. आणि ते रात्रभर दाराला आतून धडका देत होतं. पहाटे आवाज थांबला. आता गोठ्यात काहीच नाही."

डॉक्टरांनी फोन ठेवला. समोर बसलेल्या बायकोने नवा चष्मा नाकावर सारखा केला आणि ताटाशेजारी ठेवलेल्या त्यांच्या डाव्या हाताकडे पाहिलं.

"अहो, उजव्या हाताने जेवताय ना? मग हे बोट कशाने ओलं झालंय?"

डॉक्टरांनी बोट मागे घ्यायला पाहिलं. ते निघेना.