चौसष्ट पिकअप

"चौसष्ट! आत्या, तिच्या चौसष्ट! आणि माझ्या किती? नऊ!"

सांगलीच्या वाहतूक प्रयोगशाळेत, भिंतभर पसरलेल्या नकाशासमोर शाल्मली तणतणत होती. नकाशावर हजारो निळे ठिपके सरकत होते. एकेक ठिपका म्हणजे एकेक स्वयंरथ, चालकाविना धावणारी गाडी. तिथली मुख्य अभियंता असलेल्या शैलाआत्याने चष्मा कपाळावर चढवला.

"कसल्या चौसष्ट?"

"जुन्या पिकअप गं! माणसं हातानं चालवतात त्या. धावती पिकअप शेजारून गेली की नंबर, रंग आणि मागे लिहिलेलं वाक्य वहीत टिपायचं. आमचं खटारा मंडळ आहे शाळेत. उद्या सगळ्यात जास्त नोंदींसाठी वर्षाचं बक्षीस म्हणून पितळी भोंपू देणार, आणि तो जाणार त्या रुबीना मुजावरकडे!"

एक पिकअप दिसली की शाल्मलीचा अख्खा दिवस नाचत जायचा. ते चौकोनी नाक, ती हळदीची पोती, तो मागचा खडखडणारा फाळका! आणि रुबीनाच्या वहीत अशा पानंच्या पानं. नुसतं बघूनच शाल्मलीचा जळफळाट व्हायचा.

आत्या हसली. "नऊ दिसल्या हेच खूप झालं. अगं, यंत्राला यंत्राचा अंदाज येतो. माणूस मात्र ओळखीचं कुणी दिसलं की भर रस्त्यात गाडी थांबवून गप्पा मारतो. म्हणून आमचा वाहतूकमेंदू प्रत्येक स्वयंरथाला पिकअपपासून दोनशे मीटर लांब ठेवतो. पिकअप आली की गल्लीच बदलतो. तुझ्या त्या नऊ म्हणजे आमच्या मेंदूच्या नऊ चुका."

शाल्मलीचे डोळे लकाकले. "म्हणजे रुबीना थापा मारते! चौसष्ट दिसणं शक्यच नाही."

"स्वयंरथात बसून तरी नाहीच," आत्या म्हणाली. पण शाल्मली तोवर दाराबाहेर पोचली होती.

सकाळी स्वयंरथाने तिला नेहमीसारखं शाळेच्या मागच्या फाटकाशी उतरवलं. रोज मागेच का, हे तिने कधी विचारलंच नव्हतं. रुबीनाला रंगेहाथ पकडायला ती वळसा घालून पुढे आली आणि जागीच थबकली.

पुढच्या फाटकाशी एक हिरवी पिकअप घरघरत होती. मागे लिहिलं होतं, 'दमानं घ्या, म्हातारी आहे.' आणि तिच्यातून रुबीना उतरत होती.

शाल्मलीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. स्वयंरथ पळून गेलेल्या रस्त्यावर पिकअपला भेटणार कोण? पिकअपच!

"सांग आता सगळ्यांना," रुबीना लाल होत म्हणाली. "मुजावरांची पोरगी खटाऱ्यातून येते म्हणावं."

"रोज?" शाल्मली किंचाळली. "तू रोज यात बसतेस? मी जळून खाक होईन, बाई!"

रुबीना बघतच राहिली. मग तिने वही उलटी करून शेवटचं पान उघडलं. वर लिहिलं होतं, 'शेजारून गेलेले स्वयंरथ'. तीन वर्षांत नोंदी दोन.

"आम्ही दिसलो की पळतात सगळे," ती म्हणाली. "आत खरंच गार असतं का गं?"

भोंपू रुबीनालाच मिळाला. शाळा सुटल्यावर तो मांडीवर घेऊन ती मागच्या फाटकाशी शाल्मलीच्या स्वयंरथात बसली. शाल्मली रुबीनाच्या अब्बांच्या, मुजावरचाचांच्या शेजारी पिकअपमध्ये चढली, गदागदा हलली आणि खुदकन हसली.

"चाचा, मागच्या फाटकावरून घ्या ना. रुबीनाला टाटा करायचाय!"

पिकअप कोपऱ्यावर वळली. शाल्मलीने खिडकीतून हात बाहेर काढला. समोर रस्ता रिकामा होता.

कुठूनतरी भोंपू वाजला. बरोब्बर दोनशे मीटरांवरून.