बाजूचं दार

घंटी तिसऱ्यांदा वाजली तेव्हा मी जरा चिडूनच बाजूच्या दारानं बाहेर आले. पुढच्या बंद दारासमोर एक उंच तरुण उभा होता. पांढरं धोतर, कपाळावर काळी उभी रेघ, हातात चिपळ्या... आणि त्याच्यामागे लपलेली सात-आठ वर्षांची मुलगी.

“पाटी लावलीये तिथं,” मी म्हणाले. “हे दार बंद असतं, बाजूनं यावं. दिसत नाही का?”

“दिसते ना.” तो अगदी शांत होता. “पण तुमच्या आवाजात ऐकायला जास्त बरं वाटलं.”

हसू दिसू नये म्हणून मी मुलीकडे वळले.

त्याचं नाव प्राणेश. म्हैसूरच्या देवळादेवळांतून तो हरिकथा करायचा. भाचीचं नाव सिंचना. तिला अक्षरं जोडून शब्द वाचता येत नव्हता. सात मोठा की चार, हे सांगताना ती घामाघूम व्हायची. शाळेनं तिला आळशी ठरवलं होतं, आणि यंदा नापास झाली तर घरीच बसवू, असं तिचे वडील म्हणत होते.

आमच्या केंद्रात अशीच मुलं येतात. मी प्राणेशना समजावून सांगितलं, की बोलणं मूल ऐकून उचलतं, पण वाचनाची आयती वाट मेंदूत नसते. डोळ्यांनी पाहिलेलं अक्षर आणि कानानं ऐकलेला आवाज यांच्यामध्ये ती पाडावी लागते. काहींच्या वाट्याला जरा दाट रान येतं, एवढंच. पुन्हा पुन्हा चाललं की पडते वाट.

“मोठेपणी पडते?” त्यांनी विचारलं.

“पडते. वेळ लागतो.”

ते चिपळ्यांवर नुसतं बोट फिरवत राहिले.

मग दर शनिवारी दोघं येऊ लागली. सिंचना ताटातल्या तांदळावर बोटानं अक्षर गिरवायची आणि तोंडानं त्याचा आवाज काढायची. शब्दाचे तुकडे पाडायला मी टाळी वाजवायचे; एक दिवस प्राणेशनी चिपळ्या धरल्या, आणि त्या लयीवर ती पोर पहिल्यांदा न अडखळता चार तुकड्यांचा शब्द बोलली. आकड्यांसाठी आम्ही दिवाणखान्याच्या फरशीवर एक लांब ओळ रंगवली होती. पुढच्या दाराच्या उंबऱ्याशी शून्य, आणि तिथून पुढे आकडे. मुलं तिच्यावर उड्या मारतात. सात हा चारच्या किती पुढे, हे आधी पायांना कळतं, मग डोक्याला. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपलांखाली ती ओळ तुडवली जाऊ नये म्हणून तर ते दार बंद.

प्राणेश सरस्वतीच्या तसबिरीसाठी मोगऱ्याचा गजरा आणायचे. केळीच्या पानात गजरे मात्र नेहमी दोन निघायचे.

“देवीला दोन कशाला?” मी एकदा विचारलं.

“एक देवीला. दुसरा... देवीला नको असेल तर तुम्ही बघा.”

मी बघायचे. दिवसभर वेणीत घमघमायचा.

सिंचनाला घरी रोज थोडं वाचून दाखवा, तिचं बोट ओळीवर फिरवत, असं मी त्यांना सांगितलं होतं. महिन्यानं तिला विचारलं तर ती म्हणाली, “मामा डोळे मिटून वाचतो.” मला वाईट वाटलं. एवढंही होऊ नये? मी त्यांना म्हणाले, की सगळ्या गावाला कथा सांगता, भाचीसाठी दहा मिनिटं पुस्तक धरता येत नाही? ते हसले, पुस्तकालाच माझी भीती वाटते म्हणाले. पुढच्या शनिवारी सिंचनाला घेऊन तिची आई आली. त्याच्या पुढच्याही. तसबिरीला गजरा नव्हता, आणि मला शिकवणं सुचत नव्हतं.

नवरात्रात रामाच्या देवळात त्यांची कथा होती. न राहवून गेले. शबरीची कथा लावली होती, आणि काय सांगू, तिनं चाखलेलं बोर रामानं तोंडात घातलं तेव्हा सगळ्या देवळाचा श्वास थांबला. शेवटी रिवाजाप्रमाणे देणगी देणाऱ्यांची नावं वाचायचा कागद पुजाऱ्यांनी त्यांच्या हाती दिला. प्राणेश हसले. “माझ्या तोंडी आता रामाखेरीज नाव येत नाही,” म्हणत कागद मृदंगवाल्याकडे सरकवला. लोकही हसले.

मी हसले नाही. पान समोर आलं की आधी विनोद... माझ्याकडची मुलं रोज हेच करतात. बंद दार, ती पाटी, तीन वेळा वाजलेली घंटी, सगळं एकदम लख्ख दिसलं.

प्रसादाचा द्रोण घेऊन मी त्यांच्याजवळ गेले. “त्या दिवशी पाटी वाचता आली नव्हती ना तुम्हाला?”

त्यांनी हातातल्या चिपळ्या खाली ठेवल्या.

“चौथीत शाळा सोडली. वडिलांच्या कथा कानानं पाठ केल्या,” ते म्हणाले. “अक्षरं आजही हलतात. इंचरा मिस, तुम्हाला हे सांगायचं म्हणजे... उरलेलं कुठल्या तोंडानं बोललो असतो?”

“उरलेलं नंतर बोला,” मी म्हणाले. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. “विजयादशमीला मुलांचा अक्षराभ्यास आहे, तांदळात पहिलं अक्षर गिरवायचा. सिंचनाशेजारी तुमचा पाट मांडते.”

“मुलांना मांडीवर बसवतात म्हणे?”

“तेवढी मांडी नाही माझी. बोट धरीन.”

आणि धरलं. सगळी पोरं खुदुखुदु हसत होती. तांदळातून त्यांचं बोट हळूहळू फिरलं, आणि अक्षर पुरं झालं तरी दोघांनी हात काढला नाही. सरस्वतीनं पाहिलं असेल तर पाहिलं असेल.

संक्रांतीच्या सकाळी सिंचना पायांनी मोजत होती, तेवढ्यात पुढच्या बंद दाराबाहेर बोटांचा ठेका ऐकू आला. मी कडीशी जाऊन थांबले. बाहेर कुणीतरी एकेक तुकडा जोडत, अडत, मागे जात, पुन्हा धरत पाटी वाचत होतं... शेवटपर्यंत.

मग घंटी वाजली.

“बाजूनं यावं,” मी आतूनच म्हणाले. “लिहिलंय तिथं.”

“वाचलं,” बाहेरून आवाज आला. “तरी तुमच्या आवाजातच बरं वाटतं. रोज ऐकायला मिळेल का, एवढंच विचारायला आलो. तीळगूळ आणलाय.”

मी कडी काढली. ते दार किती दिवसांनी उघडत होतं, कुरकुरलं. प्राणेश आत पाऊल टाकणार, तोच सिंचना ओरडली.

“मामा, तिथंच थांब. शून्यावर उभा राहा, मग मोजत ये.”