तिच्या उंचीचा मनोरा

दोरीवर वाळणाऱ्या लाल कागदाच्या पाकळ्या.

टपाल कचेरीच्या खिडकीमागचं उंच स्टूल.

भट्टीतून काढलेले, थंड होत पडलेले शंभर पाव.

कानावर पेन्सिल खोचलेला एक माणूस म्हणतो, "जरा ताठ उभ्या राहा."

त्या माणसाचं नाव देल्फिम. आणि ज्या मुलीला त्याने ताठ उभं राहायला सांगितलं ती ओंदिना – वय तेवीस, टपाल कचेरीत नोकरी, कागदी फुलांची पेटी पोचवायला त्याच्या वेळूकामाच्या कारखान्यात आलेली. बाहेर भुरभुर पाऊस होता, म्हणून ती दारात दोन मिनिटं थांबली. एवढंच.

ती ताठ उभी राहिली. का, कोण जाणे. त्याने वेळूची एक कांब तिच्या पाठीशी धरली, डोक्याच्या पातळीवर खूण केली आणि... करवत चालवली.

"अहो, हे काय केलंत?"

"तुमचा मनोरा. मुलगी जेवढी, मनोरा तेवढा. नियमच आहे."

नियम गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होता. चार वर्षांतून एकदा, जुलैमध्ये, मुली पाव आणि फुलं ओवलेले मनोरे डोक्यावर घेऊन गावभर चालत. प्रत्येकीशेजारी एक तरुण, तोल गेला तर सावरायला. पण ओंदिना एकशे एकोणीस सेंटिमीटर होती. जन्मापासून हाडंच तशी. शाळेत ती सगळ्यांबरोबर एकाच वर्गात बसली, सगळ्यांना गणितं सोडवून दिली. मिरवणुकीचं मात्र तिला कुणी कधी विचारलं नाही. ती फुलं करायची. दर वेळी.

"तुमचा काहीतरी घोटाळा झालाय," ती म्हणाली. "मी मिरवणुकीत नसते."

त्याने कांबेकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले.

"कापून झाली," तो म्हणाला.

हे काय उत्तर झालं?

लिस्बनच्या पत्रांवर शिक्के मारता मारता ती विचार करत राहिली. थट्टा? थट्टेखोर तिला दुरून ओळखू यायचे. दया? तिचा तर वासच यायचा. मग उरली चूक. आणि चूक केलेला माणूस आता भिडेपोटी माघार घेत नाहीये...

तरी ती गुरुवारी पुन्हा गेली. शुक्रवारीही. देल्फिमला इतकी फुलं लागतात, हे तिलाही नव्यानेच कळत होतं.

"मान हलवू नका." चुंबळीवर मनोरा ठेवून तो दोन पावलं मागे सरला.

"तुम्ही बघू नका."

"बघितलं नाही तर सावरणार कसा?"

"पडला की बघा."

"कोण, पाव की तुम्ही?"

तिला हसू फुटलं, मनोरा डुलला. त्याचा हात झेपावला – आणि तिच्या कोपरापाशी, हवेतच थांबला.

"धरू?"

ओंदिना गोंधळली. लोक तिला सरळ काखेत धरून उचलत. प्रेमाने. खुर्चीवर बसवायला, गालाचा मुका घ्यायला. विचारलं कुणी नव्हतं.

"धरा," ती म्हणाली.

सोमवारी मिरवणूक समितीच्या बेन्विंदाबाई टपाल कचेरीत आल्या.

"अगं, देल्फिमच्या जोडीच्या अर्जात तुझं नाव बघितलं. गोड वाटलं हो. तुला लहान मुलांच्या मिरवणुकीत घातलंय, आदल्या रविवारी. तिथे शोभशील बघ."

"मी तेवीस वर्षांची आहे, बाई."

"ते खरं गं, पण रांग कशी सरळ दिसायला हवी. आणि त्याला दिलीय मी दुसरी जोडीदार, चांगली उंच. भिडस्त आहे बिचारा, स्वतःहून सुटला नसता."

म्हणजे अर्जही भिडेपोटीच. झाकपाक. ओंदिना तडक कारखान्यात गेली.

"खरं सांगा. चुकून कापलीत ना?"

"चूक झाली खरी." तो भुशाकडे बघत होता. "आधी तुला विचारायला हवं होतं. ते राहिलं."

"काय विचारायला?"

"माझ्यासोबत चालशील का..."

तो 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आला, तिला कळलं नाही. तिने त्याला मनोरा हातगाडीवर घालायला लावला, समितीच्या टेबलावर ठेवायला लावला, आणि स्वतः शेजारी उभी राहिली.

"मोजा, बाई."

बेन्विंदाबाईंनी टेप काढली. मनोरा मोजला. ओंदिना मोजली. मग पुन्हा मनोरा.

"सारखेच आहेत," त्या कुरकुरल्या.

"मग रांगेच्या उंचीचा नियम कुठे लिहिलाय?"

कुठेच नव्हता. बाईंनी चष्मा पुसला आणि नाव मोठ्यांच्या यादीत लिहिलं.

जुलैच्या उन्हात चारशे मनोरे निघाले. एका जागी रांग एकदम खाली उतरायची, पुन्हा वर चढायची. बायका गच्चीवरून फुलं टाकत होत्या.

"मी अजून गोंधळलेलीच आहे," ओंदिना मान न हलवता म्हणाली.

"कशात?"

"तू दयाळू आहेस की वेडा."

"तिसरं काही नसेल?"

"असेल... मनोरा उतरल्यावर सांगते."

"अजून तीन किलोमीटर आहेत."

"मग जवळून चाल."

जोडीच्या अर्जावर देल्फिमने दोघांची नावं लिहिली, ती तीन मार्चला. कांब कापली गेली बारा मे रोजी.